साधा ब्रश की इलेक्ट्रिक ब्रश? निवड करण्यापूर्वी

दातांवर आणि हिरडीच्या कडेला रोज एक मऊ, चिकट थर जमतो. तो वेळेवर निघाला नाही तर त्यातले जंतू दात किडवतात, हिरड्या सुजवतात आणि काही दिवसांत थर कडक होऊन त्याचे कीटण बनते. कीटण कोणत्याही ब्रशने निघत नाही. म्हणून ब्रशचे काम एकच: हा थर मऊ असतानाच काढणे. ते साधा ब्रशही करतो आणि इलेक्ट्रिक ब्रशही. फरक पडतो तो हाताला किती काम पडते, पैसे किती लागतात आणि ब्रश वर्षानुवर्षे चालू ठेवायला काय काय लागते, यात.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत या शेवटच्या मुद्द्याला मोठे वजन आहे. चंद्रपूर, बल्लारपूर किंवा वडशाच्या दुकानात सहज मिळणारी वस्तू भामरागड, एटापल्ली, कोरची किंवा जिवती तालुक्यातील गावात वेळेवर मिळेलच असे नाही. मोबाइलवर दिसणाऱ्या जाहिराती आणि शहरातल्या नातेवाइकांचे सल्ले ही अडचण लक्षात घेत नाहीत. त्यामुळे ‘महागडा ब्रश घ्यावा का?’ हा प्रश्न येथे वेगळ्या पद्धतीने सोडवावा लागतो.

थोडक्यात निर्णय

- हात नीट चालतो आणि दोन मिनिटे घासण्याची सवय आहे: मऊ केसांचा साधा ब्रश पुरेसा आहे.
- संधिवात, लकवा किंवा हाताचा कंप आहे, अथवा दुसऱ्या कोणाला दात घासून द्यावे लागतात: इलेक्ट्रिक ब्रशवर केलेला खर्च सार्थकी लागतो.
- ब्रशची बदली डोकी जवळपास मिळत नाहीत: इलेक्ट्रिक ब्रश घेऊ नये, किंवा वर्षभराची डोकी सोबतच घ्यावीत.
- खर्रा किंवा तंबाखू चालू आहे: कोणताही ब्रश त्याचे नुकसान भरून काढत नाही.

फायदा नेमका किती?

कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये ५६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात पाच हजारांवर लोकांची नोंद होती. साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिक ब्रश वापरणाऱ्यांच्या दातांवरचा थर एक ते तीन महिन्यांत ११ टक्के, तर तीन महिन्यांनंतर २१ टक्के कमी आढळला. हिरड्यांची सूज अनुक्रमे ६ आणि ११ टक्क्यांनी कमी होती.

हा फायदा खरा आहे, पण तो सरासरीचा आहे. घाईत अर्धा मिनिट घासणाऱ्याला इलेक्ट्रिक ब्रशचा जास्त उपयोग होतो. प्रत्येक दाताची बाहेरची, आतली आणि चावण्याची बाजू शांतपणे घासणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. इलेक्ट्रिक ब्रशमधली सर्वांत उपयोगी सोय बहुतेकदा दोन मिनिटांचा टायमर हीच असते, आणि ते काम भिंतीवरचे घड्याळही करते.

स्वतःला विचारायचे चार प्रश्न

१. हात आणि बोटे किती चालतात? ब्रश घट्ट धरता येतो का, मनगट वळते का, मागच्या दाढांपर्यंत पोहोचता येते का, हे पाहा. तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर साध्या ब्रशने काम भागते.

२. चार्जिंगची खात्री आहे का? चांगला चार्ज होणारा ब्रश एका चार्जिंगवर साधारण दोन आठवडे चालतो. त्यामुळे रोज काही तास लाइन जाणे ही मोठी अडचण नाही. पावसाळ्यात दिवसेंदिवस वीज नसणाऱ्या गावात मात्र ती अडचण ठरते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी घरात साधा ब्रश असलाच पाहिजे.

३. बदली डोकी कोठून मिळणार? साधा ब्रश असो वा इलेक्ट्रिक, केस तीन ते चार महिन्यांत झिजतात. इलेक्ट्रिक ब्रशचे डोके बहुधा त्याच कंपनीचे आणि त्याच मालिकेचे लागते. ते आठवडी बाजारात मिळत नाही. ऑनलाइन मागवायचे असेल तर आपल्या पिनकोडवर ते पोहोचते का, हे ब्रश घेण्यापूर्वी पाहावे.

४. दर वर्षी तो खर्च झेपेल का? पहिली किंमत एकदाच द्यावी लागते, डोक्यांची किंमत सतत द्यावी लागते.

तीन वर्षांचा हिशेब

समजा साधा ब्रश ४० रुपयांचा आहे आणि दर तीन महिन्यांनी बदलला जातो. तीन वर्षांत १२ ब्रश, म्हणजे एका माणसाचे ४८० रुपये. समजा इलेक्ट्रिक ब्रश १,५०० रुपयांचा आहे, सोबत एक डोके आहे आणि पुढचे प्रत्येक डोके २०० रुपयांना पडते. तीन वर्षांत आणखी ११ डोकी लागतात. एकूण ३,७०० रुपये झाले.

एकच मूठ घेऊन चौघांनी वेगवेगळी डोकी लावली तर स्वस्त पडेल, असे अनेकांना वाटते. वरच्याच दराने चौघांना तीन वर्षांत ४८ डोकी लागतात. सोबत आलेले एक वजा केले तर ४७ डोक्यांचे ९,४०० आणि मुठीचे १,५००, मिळून १०,९०० रुपये होतात. साध्या ब्रशवर त्याच चौघांचे १,९२० रुपये होतात. मुठीवर पैसे वाचतात, पण खरा खर्च डोक्यांचा आहे. ज्याला गरज आहे त्या एकाच व्यक्तीसाठी इलेक्ट्रिक ब्रश घेणे आणि बाकीच्यांनी साधा वापरणे हा अधिक शहाणा मार्ग आहे. दर बदलतात. म्हणून आपल्या भागातले आकडे घालून हा हिशेब स्वतः करावा.

कोणाला इलेक्ट्रिक ब्रशचा खरा उपयोग होतो

- संधिवात, लकवा, कंपवात असलेल्या व्यक्ती. जाड मूठ धरायला सोपी जाते आणि ब्रश स्वतः हलतो. पैसे नसतील तर साध्या ब्रशच्या मुठीला कापड किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ती जाड करता येते.
- अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि मतिमंद मुले. दात घासून देणाऱ्याचे काम हलके होते. कंपनाची भीती वाटत असेल तर आधी ब्रश बंद ठेवून सवय लावावी.
- दातांना तारा लावलेली मुले. तारांच्या कडेला अन्न अडकते. लहान डोक्याचा ब्रश तिथपर्यंत जातो.
- तोंड कमी उघडणाऱ्या व्यक्ती. सुपारी आणि खर्रा खाणाऱ्यांच्या गालाची आतली बाजू कडक होऊन तोंड उघडणे कमी होते. अशांना लहान गोल डोके उपयोगी पडते. लहान मुलांचा साधा ब्रशही तेच काम करतो.

सिकलसेलच्या रुग्णांनी दात आणि हिरड्यांकडे जास्त लक्ष द्यावे, कारण शरीरातला कोणताही जंतुसंसर्ग वेदनेचा झटका आणू शकतो. त्यांनी कोणता ब्रश घ्यावा यापेक्षा दोन वेळा नियमित घासणे आणि दंतवैद्याला आजाराची आधी कल्पना देणे महत्त्वाचे. मधुमेहींनाही हाच सल्ला लागू पडतो. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींनी इलेक्ट्रिक ब्रश आणि त्याचा चार्जर वापरण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे आणि चार्जर छातीपासून दूर ठेवावा.

खरेदी करताना काय तपासावे

साध्या ब्रशसाठी:

- वेष्टनावर ‘सॉफ्ट’ किंवा ‘एक्स्ट्रा सॉफ्ट’ लिहिलेले असावे. कडक केसांनी दात जास्त स्वच्छ होत नाहीत. हिरडी मागे सरकते आणि दात झिजतो.
- डोके लहान असावे, म्हणजे मागच्या दाढेच्या पलीकडेही ते जाते.
- उघडा, वेष्टन नसलेला ब्रश घेऊ नये.

इलेक्ट्रिक ब्रशसाठी:

- सेलवर की चार्जिंगवर? सेलवर चालणारे ब्रश स्वस्त असतात. पण सेल उतरला की गती कमी होते आणि ते पटकन लक्षात येत नाही. ज्या गावात सेल मिळतात पण विजेचा भरवसा नाही, तिथे मात्र असा ब्रश सोयीचा.
- चार्जिंगची पद्धत. मोबाइलच्या यूएसबी चार्जरवर किंवा सौर दिव्यासोबतच्या यूएसबीवर चार्ज होणारा ब्रश जंगलातल्या संरक्षण कुटीत राहणाऱ्या वनरक्षकांना आणि तेंदूपत्ता हंगामात बाहेर राहणाऱ्यांना सोयीचा पडतो.
- व्होल्टेज. परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या ब्रशच्या चार्जरवर ‘१००–२४०’ व्होल्ट लिहिलेले आहे का ते पाहा. फक्त ११० व्होल्टचा चार्जर आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर जळतो.
- पाण्यापासून संरक्षण. ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी शिरत नाही. नळाखाली धुवायच्या वस्तूला हा दर्जा असावा.
- दाब कळवणारी सोय. जोरात दाबल्यावर दिवा लागतो किंवा गती कमी होते. ताकदीने घासण्याची सवय असलेल्यांना याचा उपयोग होतो.
- अॅप, ब्लूटूथ, सात प्रकारच्या गती. यासाठी जास्त पैसे देण्याचे कारण नाही.

घासण्याची पद्धत

साध्या ब्रशने:

१. केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरके टेकवा.
२. जागेवरच लहान लहान हालचाल करा, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झटका.
३. बाहेरची बाजू, आतली बाजू, चावण्याची बाजू, असा क्रम रोज तोच ठेवा.
४. शेवटी जीभ हलक्या हाताने साफ करा.

इलेक्ट्रिक ब्रशने:

१. पेस्ट लावून डोके दातावर टेकवा आणि मगच सुरू करा, नाहीतर पेस्ट उडते.
२. ब्रश घासू नका. एका दातावर दोन-तीन सेकंद धरा आणि पुढच्या दाताकडे सरकवा.
३. तोंडाचे चार भाग कल्पून प्रत्येकाला अर्धा मिनिट द्या.

दोन्ही प्रकारांत दिवसातून दोनदा, दोन मिनिटे घासावे. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळीक मिळते. घासून झाल्यावर फेस थुंकावा आणि भरपूर चुळा भरू नयेत, म्हणजे पेस्टमधले फ्लोराइड दातांवर थोडा वेळ टिकते. दोन दातांच्या फटीत कोणताच ब्रश पूर्ण पोहोचत नाही. तिथे दातांचा धागा किंवा फटीचा बारीक ब्रश वापरावा, टाचणी किंवा काडी नाही.

दातून, राख, मंजन आणि गुडाखू

कडुनिंब, करंज किंवा बाभळीचा दातून अनेक घरांत आजही वापरात आहे. काडीचे टोक चावून मऊ कुंचल्यासारखे करून हलक्या हाताने वापरले तर समोरच्या दातांचा थर बराच निघतो. अडचण मागच्या दाढांची आणि आतल्या बाजूची असते, आणि दातुनात फ्लोराइड नसते. दातून सोडायचा नसेल तर सकाळी दातून आणि रात्री फ्लोराइडची पेस्ट लावून मऊ ब्रश, असा मेळ घालावा.

राख, कोळसा, विटेची भुकटी, मीठ आणि खरखरीत लाल मंजन यांनी दात पांढरे दिसतात, कारण वरचा थरच खरवडला जातो. पुढे थंड-गरम लागू लागते. इलेक्ट्रिक ब्रशला मंजन लावून घासल्यास झीज आणखी वाढते.

छत्तीसगडला लागून असलेल्या भागात गुडाखू हिरड्यांना चोळतात. त्यात तंबाखू असते. ते दात घासणे नव्हे, ते व्यसन आहे. दात घासण्याच्या पेस्ट आणि पावडरींत तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली आहे.

खर्रा खाणाऱ्यांसाठी

पानठेल्यावर घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. त्याचे डाग काढण्यासाठी कडक ब्रश किंवा जास्त गतीचा इलेक्ट्रिक ब्रश घेणे ही सर्वांत मोठी चूक. चुना आणि सुपारीने आधीच दुखावलेली हिरडी आणखी सोलली जाते. डाग दंतवैद्याकडून यंत्राने साफ करून घ्यावेत. ‘मशिनने दात साफ केले की हलतात’ हा समज चुकीचा आहे. कीटण निघाल्यावर आधीच सैल झालेला दात सैल असल्याचे जाणवते, एवढेच.

एक चाचणी घरी करता येते. आपली मधली तीन बोटे उभी धरून पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तीन बोटे जात नसतील तर ब्रशचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी. गडचिरोली जिल्ह्यात व्यसन सोडण्यासाठी ‘मुक्तिपथ’ अभियानाची मदत मिळते.

मुलांचे ब्रश आणि पाण्यातले फ्लोराइड

- तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दिसते, तेवढी कोणालाच लागत नाही.
- साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी समोर उभे राहून घासून घ्यावे. इलेक्ट्रिक ब्रश दिला म्हणून ही जबाबदारी संपत नाही.
- आश्रमशाळा आणि वसतिगृहातील मुलांना साधा ब्रश द्यावा. मुठीवर नाव लिहावे. चार्जिंगसाठीची रांग, हरवणे आणि अदलाबदल या तिन्ही अडचणी टळतात.

चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरमागे १ मिलिग्रॅमचे आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. यापेक्षा जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणापासून पोटात गेले तर दातांवर पांढरे, पिवळे किंवा तपकिरी डाग पडतात. ते दाताच्या आतच तयार झालेले असल्याने कोणत्याही ब्रशने निघत नाहीत, आणि जोराने घासणे व्यर्थ आहे. अशा गावांत ग्रामपंचायतीकडून बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागावा, सुरक्षित स्रोताचे पाणी प्यावे आणि लहान मुलांनी पेस्ट गिळू नये याची काळजी घ्यावी. मुलांसाठी कोणती पेस्ट घ्यावी हे दंतवैद्याला विचारून ठरवावे. पेस्टमध्ये फ्लोराइड किती, हे ट्यूबवर छापणे बंधनकारक आहे.

नेहमीच्या चुका

- हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे बंद करणे. रक्त बहुतेकदा थर साचल्यामुळे येते. मऊ ब्रशने घासत राहावे. आठ-दहा दिवसांत थांबले नाही तर दाखवावे.
- केस फाकलेला ब्रश ‘अजून चालतो’ म्हणून वापरणे.
- ओला ब्रश टोपीत बंद ठेवणे. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. ब्रश उभा आणि उघड्या हवेत, मोरीच्या शिंतोड्यांपासून दूर ठेवावा.
- घरात एकच ब्रश दोघांनी वापरणे.
- पुराच्या दिवसांत गढूळ पाण्याने ब्रश धुणे. प्यायचे पाणी वापरावे.
- बिघडलेला इलेक्ट्रिक ब्रश चुलीत किंवा कचऱ्यासोबत जाळणे. आतली बॅटरी फुटू शकते. ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू असून ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे.

ग्राहक म्हणून तुमचे हक्क

- वेष्टनावर सर्व करांसह कमाल किंमत आणि उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता असलाच पाहिजे. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत.
- बिल मागा. बिल नाकारणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. ब्रश वापरून मग ‘आवडला नाही’ म्हणून परत करण्याचा हक्क मात्र यात येत नाही.
- ऑनलाइन मागवलेले पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा आणि वॉरंटी कार्ड बिलासोबत जपा.
- तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेवढ्याने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कंपनी मुंबईची किंवा दिल्लीची असली तरी तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात ती चालते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही.

दंतवैद्याकडे कधी जावे

तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, गालात किंवा जिभेवर पांढरा अथवा लाल चट्टा दिसला, दात हलू लागला, तोंड कमी उघडू लागले किंवा गालावर सूज आली, तर ब्रश बदलून वाट पाहू नये. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. जाण्यापूर्वी तिथे दंत विभाग कोणत्या दिवशी सुरू असतो हे आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून विचारून घ्यावे. मोठ्या उपचारांसाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. अंगणवाडीतील आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके करतात. त्यात दातांच्या किडीचाही समावेश आहे. पथक येण्याच्या दिवशी मुलाला शाळेत नक्की पाठवावे.

या दोन जिल्ह्यांतील बहुतेक कुटुंबांसाठी मऊ साधा ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि रात्रीची दोन मिनिटे हीच योग्य निवड आहे. इलेक्ट्रिक ब्रश ज्याच्या हाताला गरज आहे त्याच्यासाठी घ्यावा, तोही बदली डोक्यांची सोय झाल्यावरच.